१८८३ साली समुद्र ओलांडणाऱ्या दोघी

परदेशी जाणे आता आपल्या घरांना नवे राहिलेले नाही. हळदीकुंकवाला जमलो की कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा मुलगा जर्मनीत, असे कानावर येतेच. तरी आपले प्रश्न ठरलेले असतात. ती तिकडे खाते काय? नेसते काय? देवाचे काही करते की नाही? हेच प्रश्न आपल्या दोन मराठी भगिनींना १८८३ साली विचारले गेले होते. त्यांची हकीगत पाहिली म्हणजे परमुलखात माणसाच्या मनाचे काय होते, ते थोडे समजते.

त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी समजूत होती. विलायतेहून परत आलेल्या पुरुषांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागे. मग बाईची कथा काय?

पहिली आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. आपल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने तेव्हा घेतले. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आले होते. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचले आणि १८८० पासून पत्रांची ये-जा सुरू झाली. न पाहिलेल्या त्या बाईला आनंदीबाई ‘मावशी’ म्हणू लागल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत व्याख्यान दिले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तेथे सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आगबोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, आणि सोबतीला घरचे एकही माणूस नाही!

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांना जागा मिळाली. आता थंडीशी गाठ होती. नऊवारीने पाय पुरते झाकले जात नाहीत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. जेवण मात्र शाकाहारीच ठेवले. खोलीतली शेगडी धुरकट. ती पेटवावी तर धूर, विझवावी तर गारठा. घरचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत. कधी त्या पत्रात नवऱ्याचा कठोर शब्द असे. तो पुसून टाकायला समोर माणूस नाही, आणि उलट पत्र पोचेपर्यंत मनाने किती वेळा रडायचे? साडीची तऱ्हा बदलली हेसुद्धा गोपाळरावांना रुचले नव्हते. ज्याने अमेरिकेला धाडले, त्यालाच तेवढा बदल खुपावा, हे नवल आहे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्याच वर्षी, आपल्या पुस्तकाच्या, म्हणजे ‘स्त्रीधर्मनीति’च्या पैशातून, त्या इंग्लंडला गेल्या. नवरा वारलेला, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे काही महिन्यांतच जीव दिला. परक्या देशात आपल्या भाषेचे एकुलते एक मोठे माणूस असे गेल्यावर रमाबाईंचे काय झाले असेल! सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे गहजब उडाला. परंतु भगिनींनो, धर्म बदललेल्या या बाईने आपले ताट बदलले नाही. वाँटेजच्या मठातही त्या शाकाहारीच राहिल्या आणि अंगावरची साडीही सुटली नाही.

एकीने धर्म राखला आणि साडीची तऱ्हा बदलली. दुसरीने धर्म बदलला आणि साडी राखली. मला वाटते, परमुलखात माणसाला सगळेच धरून ठेवता येत नाही आणि सगळेच सोडूनही जगता येत नाही. मनाला हाताशी एक खुंटी लागते. ती कुठली असावी, हे तिथे थंडीत एकटी बसणारीच जाणते. घरी बसून ते ठरवणारे आपण कोण?

पुढे या दोघी भेटल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाला इंग्लंडहून रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. एक हिंदू, एक ख्रिस्ती. त्या दिवशी एकीच्या यशाने दुसरीला आनंदच झाला असणार.

आनंदीबाई आजारी होऊनच परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती, पण तेथे बसणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरमावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. परक्या देशात जोडलेले नाते असे खरे ठरले.

रमाबाई १८८९ मध्ये परतल्या आणि ११ मार्चलाच मुंबईत त्यांनी ‘शारदासदन’ उघडले. परदेशी जे पाहिले, ते त्यांनी इथल्या विधवा मुलींच्या शाळेत आणून ओतले.

म्हणून सर्व भगिनींना एक विनंती. आपली लेक किंवा सून दूरदेशाहून बोलेल, तेव्हा नेसण्या-खाण्याची चौकशी अवश्य करा, आईचा जीव आहे तो. पण त्याआधी एक प्रश्न विचारा, ‘बाळ, तुला तिथे मावशी म्हणावे असे कुणी भेटले का?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्या दिवशी जरा जास्त वेळ बोलत बसा.