पाठीवरची चिठ्ठी

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांची चामड्याची जाकिटं हल्ली लिलावात विकली जातात आणि भाव ठरतो तो बराचसा त्यांच्यावरच्या चित्रांवरून. यातलं सगळ्यात प्रसिद्ध ए-२ जाकीट सैन्याने १९३१ मध्ये स्वीकारलं. नियमाप्रमाणे त्यावर नावाची पट्टी आणि हुद्दा असायचा. पण विशी-बाविशीची पोरं ती! त्यांनी पाठीवर विमानाचं नाव, एखादी ललना आणि प्रत्येक मोहिमेमागे एकेक छोटा बाँब रंगवून घेतला. दूधवाल्याच्या हिशेबासाठी भिंतीवर रेघा ओढाव्यात, तसं.

ही सगळी मिरवणूक आपल्याच लोकांसाठी. पण जाकीट माणसासकट शत्रूच्या मुलखात पडलं तर? १९४३ मध्ये जर्मनांच्या हाती लागलेल्या एका अमेरिकनाच्या पाठीवर 'मर्डर इन्कॉर्पोरेटेड' असं रंगवलेलं होतं. ते बिचाऱ्याच्या विमानाचं नाव. नाझी प्रचारखात्याला आयतंच कोलीत मिळालं. त्याचे फोटो वृत्तपत्रांत झळकले. बघा, हे स्वतःच म्हणतात आम्ही खुनी!

मला मात्र खरी ओढ आहे ती चीनमधल्या जाकिटांची. क्लेअर शेनॉल्ट यांच्या 'फ्लाइंग टायगर्स'नी डिसेंबर १९४१ ते जुलै १९४२ या काळात चीन आणि ब्रह्मदेशावर जपान्यांशी झुंज दिली. त्यांचा पंखवाला वाघ डिस्नीच्या स्टुडिओने काढून दिला होता. पण पाठीवर वाघापेक्षा महत्त्वाचं काहीतरी शिवलेलं असे. रेशमी कापडाचा तुकडा, वर चिनी झेंडा, खाली चिनी अक्षरं, शिक्का आणि क्रमांक. मजकुराचा आशय असा: हा परदेशी माणूस युद्धात चीनच्या मदतीला आला आहे, सैनिक आणि नागरिक सर्वांनी त्याला वाचवावं. इंग्रजीत याला 'ब्लड चिट' म्हणतात. यातला 'चिट' म्हणजे आपली चिठ्ठीच, इंग्रजांनी इथून उचललेली.

गंमत म्हणजे ज्याच्या पाठीवर ती चिठ्ठी, त्याला ती वाचता येत नसे. आणि ज्या शेतकऱ्यासाठी लिहिली, त्यालाही बहुधा अक्षरओळख नसे. म्हणून वर झेंडा, मोठ्ठा. पुढे पुढे ती पाठीवरून जाकिटाच्या आत, अस्तरावर गेली. उघड्यावर ती शत्रूलाही दिसणारच की!

या चिठ्ठीची किंमत कोणी मोजली? १८ एप्रिल १९४२ रोजी डूलिटलच्या विमानांनी जपानवर बाँब टाकले आणि बहुतेक वैमानिक चीनमध्ये उतरले. गावकऱ्यांनी त्यांना लपवलं, खाऊ घातलं, खांद्यावरून वाहून नेलं. मग जपानी सैन्य झेजियांग-जियांग्शी भागात सूड घेत फिरलं. मेलेल्या चिनी लोकांचा नेहमी दिला जाणारा अंदाज अडीच लाखांचा आहे. अडीच लाख! वैमानिक होते ऐंशी.

आपल्याकडचा धागाही या जाकिटांत आहे. आसामातल्या चबुआसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून कुनमिंगला रसद जाई. त्या आघाडीच्या खांद्यावरच्या ढालीवर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी शेजारी असत. यातल्या कित्येक ढाली इथल्याच बाजारात शिवल्या गेल्या, चामड्यात कापून किंवा जरीच्या टाक्यांनी. संग्राहक आज गिरणीतल्या छापाच्या ढालीपेक्षा या हातच्या ढालींना जास्त मोजतात. शिवणाऱ्याचं नाव मात्र त्यांवर नसतं.