दांपत्यसंवादाची वही

विवाह हा संस्कार आहे, हे ख्रिस्तसभेने शतकानुशतके शिकविले. पतिपत्नींनी एकमेकांशी बोलावे कसे, हा प्रश्न मात्र बहुधा घरावरच सोपविला गेला. स्पेनमधील धर्मगुरू गाब्रिएल काल्व्हो यांनी १९५२ पासून काही दांपत्यांसह त्याचा विचार आरंभिला. दहा वर्षांनी, १९६२ साली, बार्सिलोनात २८ जोडप्यांचे पहिले ‘मॅरेज एन्काउंटर’ शिबिर भरले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा आरंभही त्याच वर्षीचा.

पुढे रूढ झालेली पद्धत साधी आहे. पतीने व पत्नीने एकांतात आपल्या भावना वहीत लिहावयाच्या, वह्यांची अदलाबदल करावयाची, वाचून झाल्यावर मग बोलावयाचे. मला यातले मर्म लेखणीत दिसते. तोंडी बोलण्यात पहिल्याच वाक्याला प्रत्युत्तर तयार असते. लिहिलेला मजकूर मध्येच तोडता येत नाही. (आणि अबोला धरण्यात आपली घरे कोठे मागे आहेत?) भावनेचा न्यायनिवाडा करावयाचा नाही, हा नियम त्याहून कठीण.

१९६७ मध्ये ही चळवळ अमेरिकेत पोहोचली, पुढे भारतातही आली. २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’त पोप फ्रान्सिस यांनीही कुटुंबांना हेच सुचविले: सल्ला देण्यापूर्वी समोरच्याचे सारे ऐकून झाले आहे ना, याची खात्री करावी.