गॅसवरची लोहारभट्टी : बर्नर पेटवण्याआधी एवढं माहीत असू द्या

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की कोयत्यांची घाई, पेरणीआधी कुळवाच्या पासा, खुरप्याला-विळ्याला तर बारा महिने काम. गावातल्या लोहाराकडे काम आहे, पण भट्टीची अडचण वाढत चालली आहे. दगडी कोळसा वेळेवर मिळत नाही, लोणारी कोळसा परवडत नाही आणि भाता मारायला घरातलं पोरगं बसत नाही. अशा वेळी मोबाईलवर गॅसच्या भट्टीचा व्हिडिओ दिसतो. चार विटा, एक बर्नर आणि दहा मिनिटांत लालभडक लोखंड. मग घरचाच सिलिंडर ओढून प्रयोग सुरू होतो.

गॅसची भट्टी चांगली चालते, यात खोटं काही नाही. धूर कमी, राख नाही, काम संपलं की लगेच बंद. पण कोळशाचा धोका डोळ्यांना दिसतो, गॅसचा दिसत नाही. कोळशावर वर्षानुवर्षं काम केलेला कारागीर त्याच सवयी घेऊन गॅसजवळ बसला, तर गाठ पडते ती तिथेच. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि ज्यांच्या घरी भट्टी आहे त्यांना दाखवा.

आपल्या सिलिंडरमध्ये काय असतं?

परदेशी व्हिडिओत ‘प्रोपेन’ हा शब्द सारखा येतो. तिकडच्या टाकीत मुख्यतः प्रोपेनच असतो. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. दोन्ही चांगले जळतात, पण थंडीत त्यांचं वागणं वेगळं.

प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळून वाफ होतो. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या आसपास आला की वाफ व्हायचं थांबतो. त्यातच भट्टीला गॅस भराभर लागतो. द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतःच थंड पडतो, बाहेरून दव किंवा बर्फाचा थर धरतो आणि दाब उतरतो. थंडीत पहाटे काम करताना हे हमखास जाणवतं. सिलिंडर संपत आला की तळाला ब्युटेनच जास्त उरतो, त्यामुळे शेवटी भट्टी आणखी मंदावते.

यावर उपाय म्हणजे आच कमी करणं, थोडं थांबणं किंवा मोठा सिलिंडर वापरणं. सिलिंडरखाली जाळ करणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा तो भट्टीजवळ सरकवणं हा उपाय नाही, तो अपघात आहे. सिलिंडर आडवाही करायचा नाही. आडवा केला की वाफेऐवजी द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो.

बर्नर चालतो कसा?

बर्नरमध्ये एक मिलिमीटरच्या आसपासचं बारीक भोक असतं. त्यातून दाबाने निघालेला गॅस नळीत शिरताना बाजूची हवा सोबत ओढून घेतो. दोन्ही नळीत मिसळतात आणि तोंडाशी जळतात. म्हणजे भात्याचं काम गॅसचा दाबच करतो. गॅसचा एक भाग पुरता जळायला साधारण २५ ते ३० भाग हवा लागते. तेवढी मिळाली तरच खरी आच मिळते.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर फार कमी दाब देतो, एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३० ग्रॅम. त्यावर असा बर्नर हवा ओढू शकत नाही. मग काही जण रेग्युलेटर उघडून त्यात फेरफार करतात किंवा तो काढूनच टाकतात. हे अजिबात करू नका. सिलिंडरच्या आतला दाब शेगडीच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त असू शकतो. तो सरळ नळीत आला तर नळी तो सोसणार नाही.

दुसरा प्रकार ब्लोअरच्या बर्नरचा. यात हवा विजेच्या पंख्याने येते, गॅसचा दाब कमी चालतो. पण लाईट गेली की पंखा थांबतो आणि गॅस मात्र येतच राहतो. लोडशेडिंगच्या गावात ब्लोअरची भट्टी वापरायची तर एक हात कायम गॅसच्या कॉकजवळ हवा.

कोळशाच्या चार सवयी, ज्या गॅसला चालत नाहीत

१. जमिनीवर बसून काम. आपली जुनी भट्टी जमिनीत खड्डा करून असते आणि लोहार तिच्यासमोर बसून ठोकतो. गावोगाव फिरणारे घिसाडीही असेच काम करतात. पण एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळालेला गॅस वर उडून जात नाही, खड्ड्यात आणि उंबऱ्याच्या आत साचतो. म्हणजे कारागीर जिथे बसतो, बरोबर तिथेच. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून गॅसची भट्टी लोखंडी घोडीवर, कमरेच्या उंचीला ठेवा. जवळ खड्डा, गटार किंवा तळघर नको.

२. पावसात ताडपत्री सोडणं. कोळशाचा धूर कोंडला की डोळे चुरचुरतात आणि माणूस आपोआप बाहेर पडतो. गॅसच्या भट्टीत हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस तिथेच कोसळू शकतो. वरून छप्पर चालेल, पण निदान दोन बाजू पूर्ण उघड्या हव्यात. पाऊस आत येत असेल तर त्या दिवशी भट्टी बंद.

३. भट्टी धुमसत ठेवून चहाला जाणं. निखारा दबून राहतो, परत भाता मारला की पेटतो. गॅसची ज्योत वाऱ्याने विझली तर गॅस तसाच वाहत राहतो. दोन मिनिटांसाठी उठायचं असलं तरी सिलिंडर बंद करून उठा.

४. विझलेली भट्टी लगेच पेटवणं. भट्टीच्या पोटात गॅस साचलेला असताना काडी लावली तर भडका थेट तोंडावर येतो. भट्टी विझली तर गॅस बंद करा आणि पाच मिनिटं तोंड उघडं ठेवून थांबा. मगच पुन्हा पेटवा.

सामान काय हवं?

- सिलिंडर : लोहारकाम हा धंदा आहे, म्हणून १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणं हा केंद्राच्या २००० सालच्या एलपीजी नियमन आदेशाचा भंग आहे. सिलिंडर जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.
- रेग्युलेटर : दाब कमी-जास्त करता येणारा, काटा असलेला हाय-प्रेशर रेग्युलेटर.
- नळी : आयएसआय शिक्क्याची, जास्त दाबाच्या गॅससाठी बनवलेली. शेगडीची साधी नळी किंवा फवारणी पंपाचा पाईप नको. सिलिंडर भट्टीपासून निदान तीन मीटर लांब, उभा आणि सावलीत.
- कॉक : बर्नरजवळ एका वळणात बंद होणारा कॉक, हाताला चटकन सापडेल असा.
- भट्टीचं पोट : फायर ब्रिक म्हणजे भट्टीच्या विटा. साध्या विटा किंवा सिमेंट काँक्रीट वापरू नका, ओल असेल तर तापल्यावर फुटून तुकडे उडतात. सिरॅमिकची पांढरी लोकर वापरली तर तिच्यावर भट्टीच्या मातीचा लेप द्या. उघड्या लोकरीचे तंतू फुप्फुसात जातात.
- अंगावर : सुती कपडे, चष्मा, बूट. नायलॉनचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो.

बर्नर घरी जोडण्यापेक्षा तयार घ्या आणि जोडणी गॅस एजन्सीच्या माणसाकडून करून घ्या.

पेटवण्याचा आणि विझवण्याचा क्रम

१. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला म्हणजे गळती. काडीने कधीही तपासू नका.
२. भट्टीचं तोंड उघडं ठेवा आणि स्वतः बाजूला उभे राहा.
३. आधी पेटता बोळा लांब सळईने भट्टीत धरा, मग कॉक हळूहळू उघडा. आधी जाळ, नंतर गॅस. हा क्रम उलटा करायचा नाही.
४. ज्योत स्थिर झाली की दाब वाढवा.
५. बंद करताना आधी सिलिंडर बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझू द्या, मग बर्नरचा कॉक बंद करा.

ज्योत नळीत मागे शिरून फुरफुर आवाज येऊ लागला तर लगेच गॅस बंद करा. दाब कमी पडलाय, तोंड जास्त तापलंय किंवा भोकात कचरा आहे, असं समजा.

ज्योत आणि लोखंडाचा रंग

भट्टीच्या तोंडातून लांब पिवळी ज्योत येत असेल तर हवा कमी पडतेय. गॅस वाया जातोय आणि विषारी वायूही जास्त होतोय. ज्योत फार तिखट, आवाज मोठा आणि लोखंडावर जाड खवले धरत असतील तर हवा जास्त आहे. निळसर, स्थिर आणि तोंडाबाहेर थोडीशीच येणारी ज्योत चांगली.

लोखंडाचा रंग नेहमी सावलीत बघा. उन्हात तापलेलं लोखंडही काळं दिसतं आणि मग ते जास्त तापवलं जातं. ढोबळ अंदाज असा :

- जेमतेम लाल (५०० ते ६०० अंश) : ठोकू नका, चीर पडते.
- कुंकवासारखा लाल (७५० ते ८०० अंश) : पाणी देण्याच्या जवळपास.
- केशरी (९०० ते १००० अंश) : घडवायला चांगला.
- पिवळा (११०० ते १२०० अंश) : मोठ्या ठोकाईला. गाडीच्या पाट्याला याच्यावर नेऊ नका.
- पांढरा आणि ठिणग्या : लोखंड जळतंय. तेवढा तुकडा वाया गेला.

गॅसच्या भट्टीत तुकडा सगळीकडून सारखा तापतो, हा फायदा आहे. पण विसरला तर पातळ धार आधी जळते, हेही लक्षात ठेवा.

पाणी देताना

कोयत्यासाठी ट्रकचा जुना पाटा बरेच जण वापरतात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तो कडक होतो. जुन्या स्पीकरचा चुंबक सळईला बांधून जवळ ठेवा. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटायचा थांबतो. त्याहून थोडं जास्त तापवून तेलात बुडवा. पाट्याला थंड पाण्यात बुडवलं तर तडा जाण्याची भीती असते.

तेल लोखंडी डब्यात हवं, प्लॅस्टिकच्या बादलीत नको. वर झाकण जवळ ठेवा, कारण तेल पेट घेतं. पेटलं तर झाकण घाला, पाणी मारू नका. तेलाचा डबा गॅसच्या नळीपासून लांब ठेवा.

कानस धारेवरून घसरली म्हणजे पाणी चढलं. पण असाच वापरला तर कोयता काचेसारखा तुटेल. म्हणून धार घासून उजळ करा आणि पाठीकडून हलकी आच द्या. रंग गवती पिवळ्यावरून तपकिरी-जांभळट झाला की थांबा. हा २५० ते २८० अंशांचा टप्पा आहे, तोडकामाच्या हत्याराला योग्य.

हे भट्टीत घालू नका

जस्ताचा मुलामा असलेले जीआय पाईप आणि पत्रे घालू नका. जस्त साधारण ९०० अंशांना उकळतं आणि त्याच्या पांढऱ्या धुराने थंडी-ताप भरतो, छाती आवळते. दूध-गूळ घेतल्याने तो धूर छातीतून निघत नाही. मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. दोन्ही तोंडं बंद असलेला पाईप आणि गाडीचे जुने शॉकअप भट्टीत बॉम्बसारखे फुटतात.

परवडतं का?

एका बर्नरची छोटी भट्टी तासाला साधारण पाऊण ते सव्वा किलो गॅस घेते. म्हणजे १९ किलोचा सिलिंडर १५ ते २५ तास चालतो. तुमच्या गावात मिळणाऱ्या सिलिंडरच्या दराला १९ ने भागा, म्हणजे किलोचा दर कळेल. मग एका तासात किती खुरपी किंवा कोयते निघतात ते मोजा. एकेक नग तापवत बसलात तर गॅस महाग पडतो. दहा-बारा नग साठवून, दोन-तीन एकदम आत ठेवून काम केलं तर हिशोब बसतो.

पहारीचं टोक, नांगराचा मोठा फाळ, वाकडातिकडा अवजड नग यांना कोळसाच बरा. कोळशात हवा तेवढाच भाग तापवता येतो, गॅसच्या भट्टीचं तोंड मात्र ठरलेलं असतं. म्हणून कोळशाची भट्टी मोडून टाकायची घाई करू नका.

सरकारी मदत

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. अर्ज सीएससी केंद्रातून होतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. सध्या नोंदणी सुरू आहे का, हे जाण्याआधी केंद्रावर विचारून घ्या.

अडचण आली तर

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, विजेचं बटण चालू-बंद करू नका, मोबाईलही तिथे वापरू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ या गॅस गळती हेल्पलाईनला फोन करा. कुणाला चक्कर, मळमळ किंवा गुंगी आली तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

भट्टी उंचावर, सिलिंडर लांब, दोन बाजू उघड्या आणि आधी जाळ मग गॅस. हे चार शब्द भट्टीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. शिकायला येणाऱ्या पोरालाही ते पहिल्या दिवशी वाचता येतील.