हौशी कोण?

शर्यतीच्या मैदानांत उतरणाऱ्या माणसाला खरें पाहतां एकच प्रश्न विचारावयाचा असतो : तूं किती वेगानें धांवतोस? परंतु व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत इंग्लंडमध्यें त्याच्या आधीं दुसराच प्रश्न उभा राही : तूं पोटासाठीं काय करतोस?

धांवण्याच्या शर्यती त्या देशांत नव्या नव्हत्या. पैजा लावून धंदेवाईक गडी पळत, भोंवतीं सट्टेबाजांची गर्दी जमे, आणि कित्येकदां पैसे घेऊन गडी मुद्दाम मागें राही. या बाजारापासून खेळ अलिप्त राहावा म्हणून जॉन चेंबर्स प्रभृति विद्यापीठीय मंडळींनीं 'अॅमॅच्युअर अॅथ्लेटिक क्लब' काढला व ता. २३ मार्च १८६६ रोजीं लंडनमधील ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर हौशी लोकांची पहिली अजिंक्यपद-स्पर्धा भरविली. दुसऱ्याच दिवशीं ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकांची शर्यत होती. तेव्हां विद्यार्थ्यांची सोय उत्तम झाली. उन्हाळ्यांत तालीम करणाऱ्या इतरांची मात्र पंचाईत होई.

हेतु चांगला, पण उपाय अनुदार होता. पैशासाठीं धांवणाऱ्यास मज्जाव करून हीं मंडळी थांबलीं नाहींत. यंत्रावर राबणारा कामगार, कारागीर व मजूर यांना हौशी मानूं नये, असें कलम क्लबाच्या आरंभींच्या नियमांत आलें. अंगमेहनतीनें कमावलेल्या शरीराशीं बैठें काम करणाराची बरोबरी होत नाहीं, असें समर्थन अशा नियमांचें करण्यांत येई. पण ज्यानें एका पैचीही पैज कधीं मारली नाहीं, तो सुतार केवळ सुतार म्हणून बाहेर राही. दोष पैशाचा होता. शिक्षा श्रमाला झाली.

असंतोष वाढत गेला. १८७९ सालीं तर इंग्लंडांत दोन निरनिराळ्या अजिंक्यपद-स्पर्धा झाल्या : एक जुन्या क्लबाची लिली ब्रिज येथें, दुसरी 'लंडन अॅथ्लेटिक क्लब'ची स्टॅमफर्ड ब्रिज येथें. अखेर क्लेमेंट जॅक्सन, माँटेग्यू शियरमन व बर्नार्ड वाइझ या ऑक्सफर्डच्या तिघांनीं पुढाकार घेतला. ता. २४ एप्रिल १८८० रोजीं ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलांत बैठक होऊन 'अॅमॅच्युअर अॅथ्लेटिक असोसिएशन' जन्मास आली. कामगारांना वगळणारें कलम गेलें, स्पर्धा उन्हाळ्यांत आली, आणि ता. ३ जुलै रोजीं लिली ब्रिज येथें पहिली स्पर्धा पार पडली. पुढील दोन वर्षीं ती लंडन सोडून बर्मिंगहॅम व स्टोक या उद्योगनगरांत भरली.

एक भिंत पडली. दुसरी, पैशाची, उभीच होती. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केलेला वॉल्टर जॉर्ज हा त्या काळचा श्रेष्ठ धांवपटु. १८८२ सालीं अर्धा मैल, एक मैल, चार मैल व दहा मैल हीं चारही अजिंक्यपदें त्यानें जिंकलीं. धंदेवाईकांतील अग्रणी विल्यम कमिंग्ज याच्याशीं सामना व्हावा, आपल्या वाट्याची रक्कम वूस्टरच्या रुग्णालयास द्यावी, अशी परवानगी त्यानें मागितली. संस्थेनें ती नाकारली. तेव्हां हौशीपणावर पाणी सोडून जॉर्ज १८८५ सालीं धंदेवाईक झाला.

ता. २३ ऑगस्ट १८८६ रोजीं लिली ब्रिजवर या दोघांची एक मैलाची गांठ पडली. शेवटच्या फेरींत कमिंग्ज खचला, आणि जॉर्जनें ४ मिनिटें १२¾ सेकंदांत मैल पुरा केला. १९१५ पर्यंत, म्हणजे सुमारें २९ वर्षें, कोणालाही याहून जलद मैल धांवतां आला नाहीं. परंतु तो पराक्रम हौशी उच्चांकांच्या यादींत बसणारा नव्हता.

सट्ट्याची भीति खोटी होती, असें मात्र म्हणतां येत नाहीं. १८८७ सालीं त्याच लिली ब्रिजवर दोन धंदेवाईकांची ठरलेली शर्यत झालीच नाहीं, तेव्हां चिडलेल्या जमावानें मैदानाची जाळपोळ केली. खेळाचें पावित्र्य राखण्याची तळमळ खरी होती; तिच्या जोडीला कुळाचा व धंद्याचा अभिमान येऊन बसला, हें दुर्दैव. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी-धंदेवाईक हा भेद जागतिक मैदानी खेळांतून नाहींसा झाला. घड्याळानें मात्र तो कधींच मानला नव्हता. जॉर्जचे ४ मिनिटें १२¾ सेकंद त्यानें जसेच्या तसे नोंदून ठेवले.