एका पगारात भागेल का? – एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या घरात सध्या कुणाच्या तरी हातात परदेशातलं ऑफर लेटर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

प्रश्न ओळखीचा आहे. प्रतापनगर असो, मनीषनगर असो की इतवारी, मुलाला बाहेरची नोकरी लागली की पेढ्याच्या डब्यासोबत हा प्रश्न येतोच. "पगार चांगला आहे म्हणतात, पण बायको-पोरं घेऊन गेला तर एका पगारात भागेल का?" मग कुणीतरी मोबाईल काढतो, डॉलरला रुपयानं गुणतो, आणि सगळे म्हणतात, "बाप्पा! इतके? मग काहून नाही भागणार?"

हा गुणाकारच फसवा आहे. कमाई रुपयात मोजायची आणि खर्च मोजायचाच नाही, असा तो हिशेब असतो. पण त्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारू. एका माणसाच्या पगारावर अख्खं कुटुंब चालावं, ही कल्पना आली कुठून?

आपल्या नागपुरातच बघा. महाल, इतवारीतल्या कोष्ट्यांच्या घरात मागावर बसणारा पुरुष दिसायचा, पण कांड्या भरणं, ताणा करणं ही कामं बाया-पोरांचीच. लुगडं विकून पैसा एकाच्या हातात पडायचा, मेहनत सगळ्या घराची असायची. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथेही बाया कामाला होत्या. म्हणजे गरिबाच्या घरात 'एक कमावता, बाकी खाणारे' असा प्रकार कधी नव्हताच. तो आला कचेरीतून. १८६१ ला नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, सचिवालय आलं, रेल्वे आली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा बाबू तयार झाला. एक पगार, एक घर. आपल्या मध्यमवर्गाची सगळी गणितं या बाबूच्या पगारावर बसलेली आहेत.

आता परदेशाकडे येऊ.

नोकरी घेऊन बायकोसह अमेरिकेला जाता येईल का, हा प्रश्न एका मराठी माणसानं १८७८ मध्येच लेखी विचारला होता. त्यांचं नाव गोपाळराव जोशी, पोस्टातले नोकर. बायकोला डॉक्टरकी शिकवायची होती. त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. माझ्या पत्नीला अमेरिकेत शिकायचं आहे, तिथे मला योग्य नोकरी मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. उत्तरात धर्मांतराची अट आली, ती जोशींनी मानली नाही. पण पत्रव्यवहार छापला गेला, न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्यातली पैशाची बाजू आपण विसरतो. दोघांनी जाणं काही जमलं नाही. शेवटी सोनं विकून आणि लोकांच्या मदतीवर १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई एकट्या कलकत्त्याहून निघाल्या. गोपाळराव नोकरीसाठी मागे राहिले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. पोस्टाच्या एका पगारात दोन माणसांचं परदेश बसलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड. कुटुंब मुंबईतच राहिलं. लंडनचं शिक्षण १९१७ मध्ये अर्धवट टाकून परतावं लागलं, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. मग नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगार ४५० रुपये. त्या काळात हा पगार लहान नव्हता. तरी त्या पगारात कुटुंबासह लंडन शक्य नव्हतं. पगारातून काटकसर करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचं कर्ज, एवढं सगळं जमलं तेव्हा कुठे एका माणसाची सोय झाली. मे १९२० अखेरीस नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिला बाबासाहेब हजर होते, आणि जुलैमध्ये ते लंडनच्या बोटीत होते. परळच्या चाळीत संसार कुणी चालवला? रमाईंनी. तोही अगदी तुटपुंज्या पैशात. त्या डी.एस्सी. पदवीचा हिशेब मांडायचा तर रमाईंची ही वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?

या दोन्ही गोष्टींतून एकच दिसतं. ज्याला आपण 'एक पगार' म्हणतो त्याच्याखाली नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी सोनं, कर्ज किंवा बिनपगारी कष्ट असतात.

आता गंमत बघा. एका पगारात कुटुंब चाललंच पाहिजे, हा नियम जगात कायद्यानं कधी लिहिला गेला? १९०७ मध्ये, ऑस्ट्रेलियात. हार्वेस्टर नावाच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की अकुशल मजुरालाही बायको आणि तीन मुलांसह साधेपणानं पण नीट जगता येईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे. रक्कमही सांगितली, दिवसाला सात शिलिंग. निकाल मोठाच होता. पण त्याच्या दोन बाजू होत्या. घर पुरुषानं चालवायचं असं एकदा गृहीत धरलं की बाईला कमी दिलं तरी चालतं. पुढे तिथे स्त्रियांची मजुरी पुरुषाच्या ५४ टक्के ठरवली गेली. आणि १९०१ च्या कायद्यानं ऑस्ट्रेलियाचं दार आपल्यासारख्यांना आधीच बंद होतं. म्हणजे एका पगारात पाच जणांचं भागत होतं, पण ते पाच जण गोरे असले तर.

आता येऊ अमेरिकेवर, कारण आपली निम्मी चर्चा तिचीच असते.

१९६५ मध्ये अमेरिकेनं इमिग्रेशन कायदा बदलला, १९६८ पासून तो पूर्ण अमलात आला. इकडे नागपुरात १९४७ चं मेडिकल कॉलेज आणि १९६० चं व्हीआरसीई (आजचं व्हीएनआयटी) तयारच होतं. डॉक्टर आणि इंजिनीअर निघाले. त्या पिढीचे काका आजही सांगतात, "आठ डॉलर घेऊन उतरलो होतो." ती फुशारकी नाही. तेव्हा परकीय चलनाची इतकी टंचाई होती की सरकार प्रवाशाला तेवढेच नेऊ द्यायचं. आणि तरी या लोकांचं एका पगारात भागलं. घरं झाली, मुलं शिकली, भारतात पैसेही आले. मग आमचं का नाही भागणार, असं आजची पिढी विचारते.

फरक दोन आहेत, आणि दोन्ही महत्त्वाचे.

पहिला फरक बाजाराचा. १९६० मध्ये अमेरिकेत साधारण ३८ टक्के स्त्रिया नोकरी-कामधंद्यात होत्या. १९९० पर्यंत हा आकडा सुमारे ५७ टक्क्यांवर गेला. शेजारच्या प्रत्येक घरात दोन पगार यायला लागले की घराची किंमत आणि भाडं दोन पगारांच्या हिशेबानं ठरायला लागतं. चांगल्या शाळेच्या परिसरात घर घ्यायचं म्हणजे दोन पगारवाल्यांशी एका पगारानं बोली लावायची.

दुसरा फरक कागदाचा. त्या पिढीतले बरेच जण थेट कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर गेले. नवऱ्यासोबत बायकोलाही तोच परवाना. म्हणजे घर एका पगारावर चालत असलं तरी दुसरा पगार आणायची मुभा होती. कितीतरी काकूंनी मुलं शाळेत गेल्यावर बँकेत, लायब्ररीत, लॅबमध्ये नोकऱ्या धरल्या. आपण त्याला 'काकांचा पगार' म्हणतो, ते सोडा.

१९९० च्या कायद्यानं आजचा एच-१बी आणला, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घालून. कामगाराला एच-१बी, त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला एच-४. आणि एच-४ वर काम करायला बंदी. आयटीच्या लाटेत नागपूरचीही पोरं-पोरी मोठ्या संख्येनं गेली. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. तेवढी वर्षं एलएडी कॉलेजातून एम.एस्सी. केलेली, परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारी मुलगी तिकडे घरात बसलेली. २६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोचली असेल तरच. म्हणजे पहिली काही वर्षं, जेव्हा पैशाची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा नाहीच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावल्यावर तर दारच अरुंद झालं.

माझा मुद्दा हा आहे. भाडी दोन पगारांच्या जमान्यातली, आणि व्हिसा एका पगाराच्या जमान्यातला. आपलं कुटुंब या दोघांच्या मध्ये अडकतं. दोष ना पोराच्या पगाराचा, ना सुनेच्या खर्चाचा.

बाकीच्या देशांनी तर हा प्रश्न सरळ आकड्यातच बांधला. कुवेतमध्ये कुटुंब आणायला २०१६ पर्यंत २५० दिनार पगार लागायचा, मग ४५०, पुढे ५००, आणि जानेवारी २०२४ मध्ये ८०० दिनार झाला, वर तेव्हा पदवीचीही अट होती. सिंगापूरनं २०१२ मध्ये ४,००० डॉलरची अट घातली, ती २०१८ मध्ये ६,००० वर नेली. मे २०२१ पासून तिथे सोबत आलेल्या जोडीदाराला काम करायचं तर स्वतःचा वेगळा वर्क पास काढावा लागतो. सौदीनं जुलै २०१७ पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल लावले आणि २०२० पर्यंत ते ४०० केले. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल, फक्त सोबत राहण्याचे. आखातात गेलेला माणूस बायको-पोरांना गावी का ठेवतो, याचं उत्तर या आकड्यात आहे.

ब्रिटनचं वेगळंच. तिथे जोडीदाराला काम करता येतं, ही मोठी जमेची बाजू. पण निघण्याआधीच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. दोघं नवरा-बायको, दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा, की झाले १०,८६६ पौंड. एकरकमी, पहिला पगार हातात पडायच्या आधी. कंपनी कधी सगळे भरते, कधी फक्त कर्मचाऱ्याचे. ऑफर लेटरमध्ये हे वाक्य शोधा, पगाराच्या आकड्याआधी.

मग भागतं की नाही?

एकट्याचं भागतं. नवरा-बायकोचं बहुतेक ठिकाणी भागतं, हात आखडून. मूल लहान असलं, शहर महाग असलं आणि जोडीदाराला कामाची परवानगी नसली, तर भागतं पण उरत नाही, आणि एक आजारपण किंवा नोकरीतली एक कपात आली की भागतही नाही. एच-१बी वाल्याची नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर परत या, असा नियम आहे. तेव्हा घरात एकच पगार असणं म्हणजे सगळ्यांचं राहणंच त्या एका नोकरीवर टांगलेलं असणं.

म्हणून घरी बसून हिशेब करणार असाल तर रुपयात गुणू नका. त्याच देशाच्या पैशात लिहा. कर कापून हातात किती, भाडं किती, मुलाच्या पाळणाघराचं किती, आरोग्य विम्यात घरच्यांचा हप्ता कोण भरणार, गाडीशिवाय चालेल का. आणि इथला खर्चही लिहा, कारण तो थांबत नाही. फ्लॅटचा हप्ता, आईबाबांची औषधं, वर्षातून एकदा सगळ्यांची तिकिटं. एवढं झाल्यावर शेवटची ओळ लिहा, जी आपल्याकडे कधीच लिहिली जात नाही. ज्याची नोकरी सुटणार आहे त्याचा इथला पगार किती होता, आणि पाच वर्षांनी परत आल्यावर ती नोकरी मिळेल का? बहुतेक वेळा ही ओळ सुनेची असते. बदलत्या काळात आता जावयाचीही असते.

आणि ती ओळ लिहिताना ती व्यक्ती समोर बसलेली असू द्या. गोपाळरावांनी विचारलं होतं की बायकोच्या शिक्षणासाठी मला तिकडे कुठली नोकरी मिळेल. आपण दीडशे वर्षांनी विचारतो की नवऱ्याच्या नोकरीसाठी बायकोनं काय काय सोडायचं. जायचं जरूर, पण हा प्रश्न कुणाच्या बाजूनं विचारतोय, ते आधी ठरवा.