नवापूर बर्ड फ्लू विषाणू (२००६)

नवापूर बर्ड फ्लू विषाणू हा नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळलेला एच५एन१ उपप्रकाराचा विषाणू होय. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी त्याला अधिकृत दुजोरा मिळाला. भारतातील कोंबड्यांमध्ये एच५एन१ आढळल्याची ही पहिली नोंद होती. विषाणूचा जनुकक्रम इतर देशांतील नमुन्यांशी ताडून पाहिला असता, तो चीनमधील छिंगहाई सरोवराच्या परिसरात २००५ साली आढळलेल्या विषाणूच्या वंशातील (शाखा २.२) असल्याचे दिसून आले. मात्र जनुकक्रमावरून विषाणूंचे नाते कळते. तो स्थलांतरित पक्ष्यांमार्फत आला की कोंबड्यांच्या व्यापारातून, हे केवळ त्यावरून ठरत नाही. त्यासाठी पिल्लांची खरेदी व वाहतूक यांच्या नोंदीही तपासाव्या लागतात.