महाड, १९२७ : ब्राह्मण वगळण्याची अट

महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाची तयारी चालू असताना, १९२७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे पाठिंब्याचा एक प्रस्ताव आला. तो देणारे होते ब्राह्मणेतर चळवळीतील दोन खंदे पुढारी, केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर. अट एकच होती : या लढ्यात ब्राह्मणांना स्थान देऊ नये.

हा पाठिंबा किरकोळ नव्हता. ब्राह्मणेतर पक्षाचे सभासद मुंबई कायदेमंडळात बसत होते आणि मराठा-कुणबी शेतकरीवर्गात जेधे-जवळकरांच्या शब्दाला वजन होते. शिवाय माणसेही परकी नव्हती. जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून जो बदनामीचा खटला गाजला, त्याच्या अपिलात १९२६ साली जेधे-जवळकरांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते ते स्वतः आंबेडकर, आणि त्यांनी ते अपील जिंकलेही होते.

तरीही त्यांनी अट नाकारली. संख्येने लहान, साधनांनी दरिद्री अशा चळवळीच्या नेत्याने एवढा मोठा मित्र दारातून परत का पाठवावा? या प्रश्नाचे उत्तर तळ्याच्या काठावर सापडते, म्हणून हा धागा तेथूनच पुढे नेऊ.

तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात सावित्री नदीकाठी महाड वसले आहे. खाडीतून दासगाव बंदरापर्यंत आगबोट येई. तेथून महाड पाच मैल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सरकारी निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले.

यानंतर तीन वर्षे काय घडले? काहीच नाही. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. मुसलमान, ख्रिस्ती तेथे पाणी भरत, गुरेढोरे पीत. महारांनी मात्र काठावर जायचे नव्हते. कायद्याने दार उघडले होते, पण उंबरठा ओलांडण्याची हिंमत कायदा देत नाही.

ती हिंमत उभी करण्याचे काम १९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने केले. परिषदेसाठी राबणाऱ्यांची नावे पाहावीत : दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, कायस्थ प्रभू समाजातले अनंतराव चित्रे, नगरपालिकेतले टिपणीस, आणि सोशल सर्व्हिस लीगमध्ये काम केलेले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. सहस्रबुद्धे ब्राह्मण होते.

परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. ठराव काय आणि वस्तुस्थिती काय, हे सांगायला याहून निराळा पुरावा नको. दुसऱ्या दिवशी परिषद संपताना चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची कल्पना मांडली. शिस्तीत रांग निघाली. आंबेडकर तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले, मागोमाग बाकीचे प्याले.

तासा-दोन तासांतच गावात आवई उठली : हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर म्हणजे महाडचे ग्रामदैवत. देवळात जाण्याचा विचार परिषदेत कोणाच्याही मनात नव्हता, परंतु अफवेला पुरावा लागत नाही. तिला आधीपासून मनात असलेले भय पुरते. परतीच्या वाटेवर असलेल्या, मांडवात जेवत बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पुढे तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्रोच्चारासह ते पुन्हा तळ्यात ओतले गेले आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे मानण्यात आले.

आज हा विधी हास्यास्पद वाटतो, पण हसून पुढे जाणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची चूक ठरेल. सोवळे-ओवळे, विटाळ, देवाचे पावित्र्य या गोष्टी त्या गावकऱ्यांच्या लेखी नीतीच होत्या. आपण अन्याय करीत आहोत असे त्यांना वाटत नव्हते. आपण काहीतरी राखीत आहोत असे वाटत होते. अशा माणसाला कायद्याचे कलम दाखवून काय होणार? नगरपालिकेनेही ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाच्या तारखेलाच, हा योगायोग बोचरा आहे.

याच काळात आंबेडकरांनी केलेले लेखन त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. शीर्षस्थानी त्यांनी ज्ञानेश्वरीतील ओव्या घातल्या. वारकरी संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला तोडून टाकण्याची भाषा ही नव्हे. सत्याग्रह धर्माला धरून आहे का, या शंकेला त्यांनी गीतेचा आधार घेऊन उत्तर दिले. टिळकांच्या अनुयायांना तर त्यांच्याच दैवताच्या शब्दांत गाठले : टिळक अस्पृश्यांत जन्मले असते तर स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणण्याऐवजी अस्पृश्यतानिवारणाला म्हणाले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. यात टिळकांची थोडी टिंगल आहेच; पण ज्या मूल्यावर वाचकाची श्रद्धा आहे, त्याच मूल्याने त्याला बांधून घालण्याचे कौशल्यही आहे. स्वातंत्र्य प्रिय असेल, तर ते शेजाऱ्याचेही मान्य करा.

स्वकीयांशी बोलताना मात्र भाषा बदलते. तेथे गीता मागे पडते आणि स्वाभिमान पुढे येतो. मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागू नका, मुलांना शिकवा. या परिसरात पलटणीतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची घरे होती. त्यांना त्यांच्या पराक्रमाचे आणि बंद झालेल्या लष्करभरतीचे स्मरण दिले जाई. ज्यांना आजवर लाज वाटायला लावली होती, त्यांना अभिमान वाटायला शिकवणे, हा त्या भाषणांचा गाभा होता.

आता जेधे-जवळकरांच्या अटीकडे वळू. ब्राह्मणद्वेष ही त्या दशकातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर पेटणारी भावना होती. ती पेटवली असती तर मोठी आघाडी उभी राहिली असती. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’मधून जे उत्तर दिले त्याचा आशय असा : आमचे वैर ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नसून ब्राह्मण्याशी आहे, उच्चनीचतेच्या भावनेने ग्रासलेला ब्राह्मणेतर आम्हाला तितकाच दूरचा, आणि त्या भावनेतून सुटलेला ब्राह्मण आम्हाला जवळचा.

यामागे केवळ औदार्य नव्हते, तर्क होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरू नये, हीच लढ्याची मागणी. मग सहकारी जन्मावरून कसे निवडायचे? आणि दुसरी, अधिक व्यावहारिक बाजू : २० मार्चला लाठ्या घेऊन आलेल्या जमावात सगळे ब्राह्मण थोडेच होते? खेड्यांतून महारांवर बहिष्कार घालणारे, जमिनीवरून हुसकावणारे बव्हंशी ब्राह्मणेतरच होते. ब्राह्मणद्वेषाच्या आघाडीने या माणसांना मनाची झडती घेण्यापासून कायमची सूट दिली असती.

किंमत मात्र मोजावी लागली. दुसऱ्या परिषदेची तारीख २५ डिसेंबर ठरली, तेव्हा महाडात मांडवासाठी जागा द्यायला कोणी हिंदू पुढे आला नाही. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. व्यापाऱ्यांनी शिधा विकायला नकार दिला, तो बाहेरून आणावा लागला. मोटारवाले अडवणूक करतील म्हणून धरमतरची जवळची वाट सोडून आंबेडकर २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ आगबोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले आणि तेथून सगळे पायी महाडला गेले.

मांडवात तसबीर होती एकच, महात्मा गांधींची. पुढील काळातला गांधी-आंबेडकर संघर्ष ठाऊक असणाऱ्याला याचे नवल वाटते. पण सत्याग्रह हा शब्द घेतला की त्या शब्दाच्या धन्याला साक्षीला बोलावणे ओघाने आलेच. आणि गांधींना मानणाऱ्या सवर्णाला त्या तसबिरीसमोर लाठी उगारणे थोडे तरी अवघड जावे.

अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी या परिषदेची तुलना केली. चवदार तळ्याचे पाणी न पिता आम्ही मेलो नाही, आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव कोणी मांडला? सहस्रबुद्ध्यांनी. अट मान्य झाली असती तर हा माणूस त्या मांडवात नसता, आणि मनुस्मृतीची होळी एका जातीने दुसऱ्या जातीवर घेतलेला सूड म्हणून सहज रंगवता आली असती. हजर असलेल्या त्या एका ब्राह्मणामुळे तो आरोप लंगडा पडला.

सर्वांत कठीण मनवळवणी अजून बाकी होती, आणि ती विरोधकांची नव्हती. तळे खासगी आहे असा दावा सवर्णांनी दिवाणी न्यायालयात लावून १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. इकडे सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावे नोंदवली होती. घरून निरोप घेऊन आलेली, मार्चमध्ये मार खाल्लेली, तुरुंगात जायला तयार असलेली ही माणसे. कलेक्टरने परिषदेत येऊन हुकूम मोडू नका, असे सांगितले. बराच खल झाला. अखेर आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला : सनातनी आणि सरकार हे दोन शत्रू एकाच वेळी अंगावर घेऊ नयेत. लोकांनी तो मानला. तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून, पाण्याला न शिवता ते परतले. संतापलेल्या माणसाला पेटवणे सोपे असते, थांबवणे फार कठीण. आणि तेथे थांबवणारा माणूस त्यांचाच होता, म्हणूनच ते शक्य झाले.

दावा दहा वर्षे रेंगाळला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली होती.

त्याच वर्षी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर कुलाब्यातून टिपणीस आणि रत्नागिरीतून चित्रे कायदेमंडळात गेले. १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळच्या चरीत तेव्हा नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप चौथे वर्ष पुरे करीत होता. खोतांची जमीन ओस पडली होती आणि आगरी कुळे रानातल्या लाकूडफाट्यावर दिवस काढीत होती. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कायदेमंडळावर निघालेल्या मोर्चात कोकणातले कुणबी, आगरी आणि महार एकत्र चालले. ज्या समाजांतील लोकांनी दहा वर्षांपूर्वी महारांना पाणवठ्यावरून हुसकावले होते, त्यांच्यापैकी काही जण त्या मोर्चात असणार. त्यांना जोडणारी भाषा पाण्याची नव्हती, खंडाची होती. पण ती बोलायला दोन्ही बाजूंची ओळखीची माणसे शिल्लक होती.

दासगावचे मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांत होते. त्या पक्षाचे सर्वांत खोल मूळ धरले गेले ते पुण्यात नव्हे, चरीच्या शेतकऱ्यांनी नांगरून ठेवलेल्या अलिबाग-पेणच्या खारपाट्यात.